यंत्राचा वेग आणि यंत्राची तारीख

सकाळीं दहा वाजतां पुणें स्टेशनावर जाऊन एखाद्यानें "मुंबईस जाणारी जलद गाडी कोणती?" असें विचारावें आणि खिडकीमागील कारकुनानें "डेक्कन क्वीन" असें उत्तर द्यावें. उत्तर खोटें नाहीं. पण ती गाडी सव्वासातलाच निघून गेलेली असते, आणि विचारणारा गृहस्थ पिशवी हातांत घेऊन उभाच राहतो. त्याला विचारावयाचें होतें तें वेगळें: आतां ज्यांत आपणांस बसतां येईल अशा गाड्यांपैकीं लवकर पोंचविणारी कोणती? या दोन प्रश्नांतील अंतर आगगाडीच्या बाबतींत शाळकरी मुलासही कळतें. संगणकाच्या बाबतींत मात्र मोठमोठ्या विद्वानांच्या व कारखानदारांच्याही तें ध्यानांत राहिलें नाहीं, आणि त्यापायीं भारी किंमत मोजावी लागली. ती हकीकत आज आपणांपुढें ठेवावी असा विचार आहे.

प्रथम स्वतःविषयीं एक खुलासा करतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. उभा जन्म मुलांना त्रैराशिक व व्याजाचीं उदाहरणें शिकविण्यांत गेला. संगणकशास्त्राचा अधिकारी म्हणून मी बोलत नाहीं. परंतु या विषयाचें वाचन करूं लागल्यावर असें आढळलें कीं, यंत्रांची तुलना करण्याची वेळ आली म्हणजे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही शेवटीं त्रैराशिकापाशींच यावें लागतें. तेव्हां माझ्या तुटपुंज्या शिदोरीवर चार शब्द बोलण्यास हरकत नसावी.

वर्कस्टेशन म्हणजे एका माणसाच्या टेबलावर बसणारें, पण घरगुती संगणकापेक्षां बरेंच बलवान् असें यंत्र. १९७० च्या दशकापर्यंत एक मोठा संगणक व त्यास तारांनीं जोडलेले अनेक पडदे अशी व्यवस्था सर्वत्र असे, आणि जो तो आपली पाळी येण्याची वाट पाही. पुलाचा आराखडा काढणारा इंजिनियर, रेणूची रचना शोधणारा रसायनशास्त्रज्ञ, यांना स्वतःपुरतें यंत्र हवें होतें. तें कसें असावें याचें एक माप अमेरिकेंतील कार्नेगी-मेलन विद्यापीठांत सांगितलें गेलें: दहा लक्ष अक्षरांची स्मृति, सेकंदास दहा लक्ष आज्ञा पाळण्याचा वेग आणि दहा लक्ष ठिपक्यांचा पडदा. १९८० सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत अपोलो नांवाची कंपनी निघाली, व पुढच्याच वर्षीं तिचें पहिलें यंत्र बाहेर पडलें. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. यांतील 'सन' म्हणजे सूर्य नव्हे. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. तिच्या चार संस्थापकांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, हें ओघानें सांगतों. पुढें ह्यूलेट-पॅकार्ड, डिजिटल, आय्.बी.एम्., सिलिकॉन ग्राफिक्स असे एकामागून एक पहिलवान आखाड्यांत उतरले. १९८९ सालीं तर ह्यूलेट-पॅकार्डनें अपोलो कंपनी विकतच घेतली. मग साहजिकच प्रश्न आला कीं, यांत जोर कोणाचा अधिक?

जोर मोजावयाचा तर माप पाहिजे. आरंभीं 'मिप्स' हें माप चाले. यंत्र सेकंदास किती दशलक्ष आज्ञा पाळतें तो हा आंकडा. यांतील खोट उघड आहे. एका नोकरास "पाणी आण" एवढें सांगितलें कीं पुरतें. दुसऱ्यास "ऊठ, तांब्या घे, माठाशीं जा, भर, परत ये" अशा पांच आज्ञा द्याव्या लागतात. पांच आज्ञा पाळल्या म्हणून दुसरा नोकर पांचपट चपळ, असें कोणी म्हणेल काय? त्यांतून आणखी एक मौज आहे. डिजिटल कंपनीचें १९७७ सालचें व्हॅक्स ११/७८० हें यंत्र 'एक मिप्स'चें म्हणून धरलें जाई, आणि इतर यंत्रांचे वेग त्याच्या पटींत सांगत. पुढें नीट मोजून पाहतां तें यंत्र स्वतःच्या आज्ञा सेकंदास सुमारें पांच लक्षच पाळतें असें आढळलें. ज्या शेरानें सारा बाजार मोजला जात होता तो शेरच अच्छेर निघाला! व्यवहार त्यानें अडला नाहीं, कारण सर्वांचा माल त्याच शेरानें मोजला जात होता. पण 'सेकंदास दहा लक्ष' या शब्दांना अर्थ उरला नाहीं.

तेव्हां १९८८ सालीं अपोलो, ह्यूलेट-पॅकार्ड, सन आणि (योगायोग पाहा) मिप्स याच नांवाची एक कंपनी, अशा चार प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र बसून 'स्पेक' नांवाची मंडळी स्थापन केली. आज्ञा मोजणें सोडून खरोखरीचे प्रोग्राम यंत्रावर चालवावे व घड्याळ लावून वेळ घ्यावा, असें तिनें ठरविलें. पहिल्या कसोटींत दहा प्रोग्राम होते. प्रत्येकास व्हॅक्सला किती सेकंद लागतात व नव्या यंत्रास किती लागतात याचें गुणोत्तर काढावयाचें, आणि दहा गुणोत्तरांचा भूमितीय मध्य काढून एक आंकडा सांगावयाचा. त्या आंकड्यास 'स्पेकमार्क' म्हणत.

भूमितीय मध्य कशाला, साधी सरासरी कां नको, असा प्रश्न माझ्या वर्गांतील एखाद्या चलाख मुलानें नक्की विचारला असता. त्याला मीं फळ्यावर असें उदाहरण घातलें असतें. क्ष या यंत्रास पहिल्या कामास १० व दुसऱ्या कामास ४० सेकंद लागतात. य या यंत्रास दोन्ही कामांस वीस-वीस सेकंद लागतात. क्ष हें माप धरलें तर य पहिल्या कामांत निमपट व दुसऱ्यांत दुप्पट; सरासरी सव्वा. म्हणजे य हें २५ टक्क्यांनीं सरस. आतां य हें माप धरा. क्ष पहिल्यांत दुप्पट, दुसऱ्यांत निमपट. सरासरी पुन्हा सव्वाच. म्हणजे क्ष हें २५ टक्क्यांनीं सरस! दोघेही एकमेकांहून मोठे, हा प्रकार आपल्याकडे लग्नाच्या पंगतींत पाहावयास मिळतो, गणितांत तो चालत नाहीं. दोन गुणोत्तरांचा गुणाकार करून त्याचें वर्गमूळ काढलें म्हणजे कोणतेंही माप धरा, उत्तर एकच येतें: दोन्ही यंत्रें सारखीं. अर्थात् ज्याला जन्मभर पहिलेंच काम करावयाचें आहे त्यानें हा मध्य गुंडाळून ठेवून क्ष घ्यावें, यांत शंका नाहीं.

या कसोटीसही पाय फुटले. दहांपैकीं 'मॅट्रिक्स ३००' नांवाचा एक प्रोग्राम होता. तीनशें ओळी व तीनशें रकाने असलेल्या संख्यांच्या चौकटींचे गुणाकार करणें एवढेंच त्याचें काम, आणि त्याचा ९९ टक्के वेळ प्रोग्रामच्या एकाच ओळींत जाई. प्रोग्रामचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. कंपन्यांच्या कारागिरांनीं कंपायलरला ती एक ओळ अशी पढविली कीं, त्या एका विषयांतील गुण अनेक पटींनीं वाढले आणि त्या जोरावर सरासरीही फुगली. परीक्षेंत येणारें एकच उदाहरण घोकून येणारा विद्यार्थी आम्हां मास्तरांच्या चांगल्या ओळखीचा असतो. १९९२ सालीं नवी कसोटी निघाली तेव्हां हा प्रोग्राम काढून टाकण्यांत आला, आणि पूर्णांकांचीं कामें व दशांशांचीं कामें यांचे दोन निराळे आंकडे देण्याची पद्धत सुरू झाली. तीच पद्धत आजही चालू आहे.

वेगाविषयीं एवढें पुरे. ज्या गोष्टीसाठीं मी आज आलों ती पुढेंच आहे.

यंत्र 'निघालें' असें आपण म्हणतों, पण तें कितीदां निघतें? प्रथम चिपची माहिती विद्वानांच्या सभेंत वाचली जाते. मग वर्तमानपत्रांतून यंत्राची घोषणा होते. मग निवडक गिऱ्हाइकांना नमुने मिळतात. मग तें सर्वांना विकत मिळूं लागतें. आणि त्यावर आपल्याला हवे असलेले प्रोग्राम चालूं लागतात तो दिवस त्याहूनही पुढचा. जाहिरातींतील वेगाचा आंकडा बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवरचा असतो. पैसे देणारा मनुष्य उभा असतो शेवटच्या पायरीवर. स्पेक मंडळीनें हें ओळखलें, ही तिची मोठीच कामगिरी होय. तिच्या निकालपत्रकांत वेगाच्या आंकड्याबरोबर यंत्र व त्याचें सॉफ्टवेअर सर्वांस कोणत्या महिन्यांत मिळूं लागेल याचा रकाना असतो, आणि आजच्या नियमांप्रमाणें सुमारें तीन महिन्यांच्या आंत विकत मिळणार नसेल अशा यंत्राचा निकाल तयार माल म्हणून छापतां येत नाहीं.

हा तारखेचा रकाना इतका महत्त्वाचा कां, हें व्याजाच्या उदाहरणानें कळतें. जॉन हेनेसी व डेव्हिड पॅटर्सन हे संगणकरचनेवरील प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते. १९८६ पासून २००३ पर्यंत अशा यंत्रांचा वेग दरसाल दरशेंकडा ५२ या प्रमाणानें, चक्रवाढीनें, वाढत गेला, असा हिशेब त्यांनीं दिला आहे. सावकारालाही लाजविणारा हा दर आहे. महिन्याचें व्याज काढलें तर तें साडेतीन टक्क्यांच्या घरांत येतें. सहा महिन्यांचें २३ टक्के, नऊ महिन्यांचें ३७ टक्के. याचा अर्थ नीट लक्षांत घ्यावा. प्रतिस्पर्ध्याहून २० टक्के वेगवान, पण सहा महिने उशिरा मिळणारें यंत्र त्या काळांत खरोखर वेगवान नव्हतेंच. तें बाजारांत येई तेव्हां बाजार त्याच्या पुढें निघून गेलेला असे. उशीर आणि मंदपणा हे दोन निरनिराळे दोष नव्हेत. एकाच दोषाचीं तीं दोन नाणीं आहेत, आणि महिन्यास साडेतीन टक्के या भावानें एकाचे दुसऱ्यांत रूपांतर करतां येत असे.

याचें प्रत्यक्ष उदाहरण १९९१-९२ सालच्या शर्यतींत सांपडतें. मार्च १९९१ मध्यें ह्यूलेट-पॅकार्डनें आपलीं ७०० या मालिकेंतील यंत्रें जाहीर केलीं. ६६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्राचा स्पेकमार्क ७० च्या वर होता. सन कंपनीचें त्या वेळचें चांगलें यंत्र म्हणजे नोव्हेंबर १९९० मधील स्पार्कस्टेशन २. त्याचा आंकडा वीस-पंचविसांच्या आंतबाहेर. म्हणजे सरळ सरळ तिपटीचें अंतर. सनची नवी चिप सुपरस्पार्क हिच्याविषयीं मोठ्या आशा होत्या, आणि ५० मेगाहर्ट्झचा वेग गांठण्याचा तिचा संकल्प होता. मे १९९२ मध्यें स्पार्कस्टेशन १० हें यंत्र जाहीर झालें तेव्हां पहिल्या प्रतींचा वेग चाळिसाच्या आसपासच राहिला. पन्नाशी मागाहून आली. तिकडे डिजिटल कंपनीनें फेब्रुवारी १९९२ मध्यें अल्फा चिपची घोषणा करून सर्वांचे डोळे दिपविले. पण ती चिप असलेलीं वर्कस्टेशनें आलीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत. मध्यें नऊ महिने. नऊ महिन्यांचें व्याज आपण आतांच काढलें आहे. अल्फा इतकी वेगवान होती कीं, एवढें व्याज फेडूनही ती पुढेंच राहिली, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे.

मग तिपटीनें मागें पडलेल्या सनचें काय झालें? आपण म्हणाल, ती बुडाली. तसें झालें नाहीं. त्या वर्षांत सर्वांत अधिक वर्कस्टेशनें विकणारी कंपनी सनच होती. कारण तिच्या यंत्रावर चालणारे प्रोग्राम हजारोंनीं तयार होते. इंजिनियरनें यंत्र घरीं आणावें, तार जोडावी आणि दुसऱ्या दिवशीं कामास लागावें. चुलीवरच्या भाकरीची बरोबरी शेतांतल्या ज्वारीनें होत नाहीं, मग कणीस कितीही टपोरें असो. अल्फाच्या वाट्यास नेमकें उलट आलें. घोडा उमदा, पण त्याच्यासाठीं खोगीर शिवावयाचें होतें. जुन्या व्हॅक्स यंत्रांवरचे प्रोग्राम एक एक करून तिच्यासाठीं तयार करावे लागले.

येथें एक घरची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण तींत दोष माझाही आहे. १९९६ च्या सुमारास आमच्या शाळेंत पालकांच्या वर्गणींतून तीन संगणक घेण्याचें ठरलें. वर्कस्टेशनें नव्हेत, साधे संगणक. दोन विक्रेत्यांचीं भावपत्रें आलीं. एकाकडे माल गुदामांत तयार होता, पण मागल्या पिढीचा. दुसऱ्यानें सांगितलें, "गुरुजी, पुढच्या महिन्यांत नवी चिप येते, याच किमतींत दुप्पट वेग." खरेदी समितींत गणिताचा मास्तर म्हणून मीच होतों. मीं फळ्यावर आंकडे मांडले आणि दुप्पट हें एकापेक्षां मोठें असतें हें मोठ्या विद्वत्तेनें सिद्ध केलें. जूनमध्यें अर्धी रक्कम भरली. पुढचा महिना म्हणजे जुलै, असा माझा समज. जुलैचा गणपति झाला, गणपतीची दिवाळी झाली. यंत्रें शाळेंत आलीं मार्च महिन्यांत, सातवीची परीक्षा तोंडावर असतांना. ज्या मुलांच्या आईबापांनीं वर्गणी दिली तीं मुलें यंत्राला हात न लावतां शाळेबाहेर पडलीं. त्यांतील एका मुलीनें निकालाच्या दिवशीं खिडकींतून आंत पाहत विचारलें, "गुरुजी, हे आतां दुप्पट चालतात ना?" तिला दिलेलें उत्तर आठवत नाहीं, बहुधा मीं दिलेंच नसावें. माझ्या त्रैराशिकांत तारखेचा रकानाच नव्हता. शून्य वेगानें चाललेले नऊ महिने मीं हिशेबांत धरलेच नव्हते.

यावर कोणी असें म्हणेल कीं, काम लांबलचक असेल तर वेगवान यंत्राची वाट पाहणेंच शहाणपणाचें. तेंही करून पाहूं. आजच्या यंत्रावर एक हिशेब पुरा होण्यास १२ महिने लागतात, आणि दुप्पट वेगाचें यंत्र सहा महिन्यांनीं खात्रीनें मिळणार आहे असें समजा. आज आरंभ केला तर बाराव्या महिन्यांत काम संपेल. सहा महिने थांबून नव्या यंत्रावर सहा महिने काम केलें तरी बाराच. दोन्ही सारखेंच. पण आज आरंभ करून सहा महिन्यांत अर्धें काम उरकलें आणि उरलेलें अर्धें नव्या यंत्रावर नेलें, तर तें तीन महिन्यांत होऊन नवव्या महिन्यांत मोकळें होतां येतें. शिवाय 'खात्रीनें' हा शब्द मीं उदाहरण सोपें व्हावें म्हणून घातला. आमच्या विक्रेत्यानेंही तोच शब्द वापरला होता.

न मिळण्याचें कारण प्रत्येक वेळीं कारखान्याची दिरंगाई हेंच असतें असें नाहीं. १९८० च्या दशकांत भारतानें हवामानाच्या व इतर शास्त्रीय कामासाठीं अमेरिकेकडे क्रे जातीचा महासंगणक मागितला. पैसे देण्याची तयारी होती. पण मागितलेलें यंत्र मिळालें नाहीं, त्याहून लहान, तेंही हवामानाच्या कामापुरतें मिळालें. यंत्र वेगवान होतें, तयार होतें, विकाऊही होतें, फक्त आपल्याला नव्हतें. त्यावर १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं परम ८००० हा संगणक सिद्ध झाला. त्यांतील युक्ति ध्यानांत घेण्याजोगी आहे. एक अतिवेगवान चिप मिळत नव्हती. पण इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर नांवाच्या चिपा बाजारांत मिळत होत्या. त्या अनेक एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच वेळीं काम करवून घेण्यांत आलें. हातीं काय येऊं शकतें, या प्रश्नापासूनच त्या मंडळींनीं आरंभ केला होता.

आतां या सर्व कथेंतील सर्वांत मोठा अध्याय. जून १९९४ मध्यें ह्यूलेट-पॅकार्ड व इंटेल या दोन बलाढ्य कंपन्यांनीं मिळून अगदीं नव्या धर्तीची चिप काढण्याचें जाहीर केलें. पुढें तिचें नांव आयटेनियम असें ठेवण्यांत आलें. सूचना कोणत्या क्रमानें पाळावयाच्या याचा विचार चिपनें चालतां चालतां करण्याऐवजीं कंपायलरनें आधींच करून ठेवावा, असें तिचें तत्त्व होतें. कल्पना विद्वत्तेची होती. १९९८-९९ पर्यंत ती हातीं येईल अशी अपेक्षा होती. १९९८ सालीं कळलें कीं, २००० साल उजाडेल. ती प्रत्यक्ष आली २००१ च्या मध्यास, म्हणजे घोषणेनंतर सात वर्षांनीं.

सात वर्षांचें व्याज श्रोत्यांनीं स्वतःच काढावें. मी एवढेंच सांगतों कीं, दरसाल ५२ टक्क्यांनीं तें मुद्दलाच्या अठरापटींवर जातें. पण खरें नुकसान निराळेंच झालें. जी चिप अजून बाजारांत रुळली नव्हती तिच्या धाकानें तयार असलेल्या चिपा मागें घेण्यांत आल्या. सिलिकॉन ग्राफिक्सनें आपल्या मिप्स चिपांच्या पुढील विकासाचें काम आटोपतें घेतलें. डिजिटल कंपनी १९९८ सालीं कॉम्पॅकनें विकत घेतली होती. त्या कॉम्पॅकनें जून २००१ मध्यें अल्फाचा पुढील विकास थांबवून आयटेनियमकडे जाण्याचें जाहीर केलें. अल्फा हें त्या दिवशीं चालतें, विकत मिळणारें, नांवाजलेलें यंत्र होतें. समोर मुख्यतः कागदावरचा आंकडा होता. कागदानें यंत्राचा पराभव केला. आयटेनियम हातीं आल्यावर दशांशांच्या शास्त्रीय हिशेबांत ती बरी ठरली, परंतु पूर्णांकांच्या रोजच्या कामांत पहिली चिप निस्तेज निघाली, आणि घरगुती संगणकाचे जुने प्रोग्राम तिच्यावर रखडत चालत. एप्रिल २००३ मध्यें ए.एम्.डी. कंपनीची ऑप्टेरॉन चिप आली. ती जुने प्रोग्रामही वेगानें चालवी व नवेही. बाजार तिकडे वळला. शेवटची आयटेनियम चिप जुलै २०२१ मध्यें कारखान्याबाहेर पडली, तेव्हां फारसें कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं. मला मात्र अल्फा तयार करणाऱ्या त्या कारागिरांची आठवण झाली. शर्यतींत मागें पडून हरणें निराळें, आणि पुढें असतांना, मैदानांत न मुरलेल्या गड्याच्या नांवानें बाहेर बोलावलें जाणें निराळें.

ज्या साध्या घरगुती संगणकाला हे पहिलवान हंसत, त्यानेंच शेवटीं आखाडा मारला. १९९५ च्या नोव्हेंबरांत आलेली इंटेलची पेंटियम प्रो चिप पूर्णांकांच्या कसोटींत महागड्या वर्कस्टेशनांच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि असल्या चिपांचीं यंत्रें गांवोगांवच्या दुकानांत मिळूं लागलीं. सिलिकॉन ग्राफिक्सनें २००६ सालीं आपलीं जुन्या धर्तीचीं वर्कस्टेशनें बंद केलीं. सन कंपनी २०१० सालीं ओरॅकलच्या पोटांत गेली.

आजची परिस्थिति निराळी आहे, कारण व्याजाचा दर उतरला आहे. हेनेसी व पॅटर्सन यांच्याच हिशेबाप्रमाणें २००३ नंतर एकेका मुख्य चिपचा वाढीचा दर २३ टक्क्यांवर, २०११ नंतर १२ टक्क्यांवर आणि २०१५ ते २०१८ या काळांत साडेतीन टक्क्यांवर आला. पूर्वीं जें महिन्याचें व्याज होतें तें वर्षाचें झालें. या दरानें सहा महिने थांबून पदरांत काय पडणार? पावणेदोन टक्के. सबब साध्या कामासाठीं नव्या चिपची वाट पाहण्यांत आतां अर्थ उरलेला नाहीं, आणि वर्ष-दोन वर्षांचें जुनें यंत्र चांगल्या किमतीस मिळाल्यास तें घेण्यांत लाज बाळगण्याचेंही कारण नाहीं. चित्रांच्या कामाच्या व कृत्रिम बुद्धीच्या हिशेबांच्या चिपा मात्र याला अपवाद आहेत. तेथें वेगही झपाट्यानें वाढतो आणि टंचाईही तशीच. सप्टेंबर २०२० मध्यें एन्व्हिडिया कंपनीचें ३०८० हें चित्रकार्ड बाहेर पडलें, तें पाहतां पाहतां संपलें, आणि पुढें वर्षाहून अधिक काळ जाहीर किमतीस मिळणें दुरापास्त झालें. त्या दिवसांत परीक्षणांतून त्याच्या वेगाचे तक्ते छापून येत. दुकानांत रिकामी फळी असे.

गेल्या महिन्यांत माझ्या पुतण्याचा मुलगा असलाच एक तक्ता घेऊन आला. तो इमारतींचे आराखडे काढण्याचें काम करतो. तक्त्यांत बारा वर्कस्टेशनें वेगाच्या क्रमानें लावलीं होतीं. "आजोबा, यांतलें कोणतें घेऊं?" मीं त्याला म्हटलें, "बाबा रे, यांतलीं कोणतीं या आठवड्यांत हातांत देतील तें आधीं फोन करून विचार, आणि तुझ्या कामाचा एक खराखुरा आराखडा बरोबर घेऊन जा." त्यानें दिवसभर फोन केले. बारांपैकीं चार यंत्रें शहरांत होतीं. त्यांतील दोहोंवर दुकानदारांनीं त्याला आराखडा चालवून पाहूं दिला. तक्त्यांतील सातव्या क्रमांकाच्या यंत्रास त्या कामास १९ मिनिटें लागलीं, चौथ्या क्रमांकाच्या यंत्रास २१. त्यानें सातवें घेतलें.